झुंडीचे गेम: ठरलेले राउंड बरे की डायरेक्टर?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)
नाशिकच्या कॉलेज रोडला तासावर पीसी घेऊन खेळणाऱ्या चौकड्यांमध्ये झुंडीच्या गेमवरून (शत्रूंच्या झुंडींशी मिळून लढायचे गेम) सरळ दोन तट आहेत. एक कॉल ऑफ ड्यूटीच्या झोंबी मोडचा, जिथे राउंड ठरलेले; दुसरा लेफ्ट फोर डेड 2 चा, जिथे झुंड कधी सोडायची हे डायरेक्टर नावाचा गेममधलाच प्रोग्रॅम ठरवतो. चौघांना एकत्र लढायला शिकायचं असेल तर दुसराच, असं माझं ठाम मत आहे.

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रकार एकाच महिन्यात आले, नोव्हेंबर 2008 मध्ये: गिअर्स ऑफ वॉर 2 चा 50 लाटांचा होर्ड मोड, कॉल ऑफ ड्यूटी: वर्ल्ड ॲट वॉरचे झोंबी आणि पहिला लेफ्ट फोर डेड. वर्ल्ड ॲट वॉर आणि त्याच मालिकेतल्या ब्लॅक ऑप्समध्ये पहिल्या राउंडच्या झोंबीची हेल्थ 150 असते. नवव्या राउंडपर्यंत ती दर राउंडला 100 ने वाढते, म्हणजे 950 होते. पुढे दर राउंडला दहा टक्के. तिसाव्या राउंडला एकेक झोंबी 7030 चा! अक्कल तीच, येण्याची वाट तीच, फक्त गोळ्या जास्त खातो. याला मी कठीण म्हणत नाही, लांबण लावणं म्हणतो.

लेफ्ट फोर डेडमध्ये साधा झोंबी शेवटपर्यंत 50 चाच. तिथे डायरेक्टर प्रत्येक खेळाडूवरचा ताण मोजतो: किती मार बसला, कोण खाली पडलं, किती जवळ झोंबी मारले गेले. ताण शिगेला पोचला की काही सेकंदांनी झुंड थांबवतो, 30 ते 45 सेकंद उसंत देतो आणि पुन्हा चढवतो. त्यामुळे पाठांतर चालत नाही, एकमेकांकडे बघावंच लागतं.

सिडको_राउंड३०
पूर्ण असहमत. आकडा ठरलेला असतो म्हणूनच तर नियोजन करता येतं. हेल्थ माहीत आहे, पॉइंट माहीत आहेत: गोळी लागली की 10, अंगावर मारून 60, हेडशॉटला 100, चाकूने 130. म्हणून पहिल्या राउंडला सहा गोळ्या पायात आणि मग चाकू, म्हणजे एका झोंबीचे 190. नवखे डोक्यात मारून 100 वर खूश होतात आणि पाचव्या राउंडला जगरनॉगचे (जास्त मार सोसू देणारं पेय) 2500 जमलेले नसतात. जगरनॉगशिवाय दोन फटक्यांत माणूस खाली. मिस्टरी बॉक्स, म्हणजे नशिबाने बंदूक देणारी पेटी, एकदा उघडायला 950. त्यात आधी पैसे उडवणारी चौकडी दहाव्या राउंडपर्यंत टिकली तर नशीब.

आणि चाल तीच कशी? मॅपवर एका वेळी फक्त 24 झोंबी असतात. जेवढे मरतात तेवढे नवीन खिडक्यांतून आत येतात. ट्रेन करणं, म्हणजे सगळ्यांना मागे लावून मोठ्या गोलात फिरवणं, याच आकड्यावर उभं आहे. 24 च्या 24 मागे येईपर्यंत गोळी झाडायची नाही. सहा-सात मारून टाकले की त्यांच्या जागी आलेले सहा-सात नेमके तुमच्या वाटेत समोरून येतात. नवखा तिथेच अडकतो आणि म्हणतो गेम चीटिंग करतो.

मेनरोड_जुना
@सिडको, ट्रेनचं वर्णन अगदी बरोबर आहे, पण त्यातच धागाकर्त्याचा मुद्दा सिद्ध होतो. ट्रेन एकट्याची असते. चौघे चार कोपऱ्यांत आपापला गोल फिरवतात. एक डाउन झाला की उरलेले तिघे रिव्हाइव्हला, म्हणजे त्याला उठवायला, येताना आपली शेपटी सोबत घेऊन येतात, मग सगळेच गेले.

लेफ्ट फोर डेड 2 मध्ये बूमरची (फुगलेला झोंबी, त्याच्या उलटीवर झुंड धावून येते) उलटी अंगावर पडली की बघा काय करावं लागतं. चौघांनी भिंतीला पाठ लावायची, कोपरा मिळाला तर उत्तम. पुढचे दोघे खाली बसून मारतात, मागचे दोघे उभ्याने त्यांच्या डोक्यावरून. पुढच्यांनी मध्येच उठायचं नाही, एक्सपर्टवर, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, आपल्याच शॉटगनने माणूस आडवा होतो. झोंबीला ढकलायचा धक्का जपून: पाठोपाठ पाच-सहा दिले की हात थकतो आणि नेमक्या त्याच क्षणी दोन झोंबी आत घुसतात. रिलोड एकाच वेळी दोघांनी करायचा नाही, तोंडाने सांगून करायचा. हे कोणत्या राउंडमध्ये शिकायला मिळतं?

सिडको_राउंड३०
लेफ्ट फोर डेडमध्ये हे शिकायला मिळतं, पण सुधारणा मोजता येत नाही. डायरेक्टर दमलेल्या चौकडीला उसंत देणार असेल, तर आपण बरे खेळलो की त्याने दया केली, हे कळणार कसं? राउंड 18 वरून 25 वर गेलो, हे निखळ उत्तर आहे.

मेनरोड_जुना
दया फक्त साध्या झुंडीपुरती. टँक (प्रचंड ताकदीचा झोंबी) आणि विच (एकटीच असणारी, डिवचली की तुटून पडणारी) ताण बघून येत नाहीत, त्या वेगळ्या हिशेबाने ठेवल्या जातात. एक्सपर्टचा टँक 8000 चा. पेटवा आणि मागे हटत राहा, कोंडीत उभं राहून मारायला गेलात तर एका ठोशात संपलात.

सातपूरची_अदिती
दोघांच्या वादात एक व्यवहाराची गोष्ट राहतेय. तासाच्या भाड्यात चौघांनी राउंड 30 गाठणं होत नाही, अर्धवट उठावं लागतं. लेफ्ट फोर डेड 2 चा एकेक चॅप्टर सेफ रूममध्ये संपतो, वेळ संपली तरी काहीतरी पुरं झालेलं असतं. मशीनही साधं चालतं: 2 जीबी रॅम, 13 जीबी जागा. लॅनवर खेळताना होस्टचा पीसी यूपीएसवर ठेवायला सांगा. बाकीच्यांचा बंद पडला तर ते परत जोडले जातात. होस्टची लाइट गेली तर सगळ्यांचा गेम जातो.

पण गंगापूररोडकर, तुम्ही उसंतीचं अर्धंच सांगितलंत. नवीन चौकड्या त्या 30-45 सेकंदांत कपाटं धुंडाळत बसतात. नॉर्मलवर झुंड साधारण 90 ते 180 सेकंदांनी येतच राहते, तुम्ही हला की बसा. बसून राहिलात तर गोळ्या संपतात आणि वाट मात्र तेवढीच उरते. रिलोड करा, औषध घ्या, निघा. मेडकिटही 70 हेल्थवर फुंकू नका. ती गमावलेल्याच्या 80 टक्केच भरून देते, म्हणून 40 च्या खाली लंगडायला लागल्यावर वापरा. दोनदा पडून उठलेल्याला मात्र आधी द्या, तो तिसऱ्यांदा उठत नाही.

गंगापूररोडकर
@अदिती, मेडकिटचं मान्य. विचच्या आधी मात्र 70 वरही घ्यावी, असं मला वाटतं.

सातपूरची_अदिती
नाही. एक्सपर्टवर विचचा पहिलाच वार संपवतो, 70 काय आणि 100 काय. टॉर्च बंद करा आणि लांबून वळसा घाला.

सिडको_राउंड३०
आमच्याकडे निदान टॉर्च बंद करावी लागत नाही. तरी पुढच्या वेळी चौघांची ट्रेन एकाच गोलात, एकामागे एक, करून बघा. दोघे फिरवतात, दोघे मधून मारतात. मग सांगा एकट्याचा गेम आहे का.