बाल्डर्स गेट ३: तिघांच्या टोळीत पुढे कोण, फायटर, बार्बेरियन की पॅलाडिन?

दिग्रस_कट्टा
आम्ही तिघं बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेमचा नवीन को-ऑप (एकत्र खेळ) सुरू करतोय, बॅलन्स्ड डिफिकल्टीवर. एक लाइफ क्लेरिक (बरं करणारा पुजारी), एक थीफ रोग (चोर), आणि मोठी तलवार घेऊन समोर मी. चौथ्या जागी गेल, गेममधलाच जादूगार साथीदार. जेवणानंतर दीड-दोन तास मिळतात, त्यात लाइन कधी जाईल नेम नाही, आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. क्लास कोणता घेऊ? पॉइंट कसे वाटू? फायटर ५ आणि बार्बेरियन ५ असं मिसळलं तर चार वार होतात असं ऐकलं, खरं का?

मूर्तिजापूर_जंक्शन
आधी शेवटचं. चार वार होत नाहीत. दोन्ही क्लासचा एक्स्ट्रा अटॅक (एका पाळीतला जास्तीचा वार) एकावर एक चढत नाही, दोनच राहतात. उलट फायटरला लेव्हल ११ ला तिसरा वार मिळतो, तो मिसळल्याने हातचा जाते. लेव्हल १२ च्या पुढे गेम जातच नाही, त्यामुळे भरून काढायलाही जागा नाही.

तुमच्या टोळीला मी सरळ बॅटल मास्टर फायटर सांगीन. कारण विश्रांतीचं. अॅक्शन सर्ज (एका पाळीत जास्तीची कृती) आणि मॅनुव्हरचे (खास डावांचे) चार डाइस शॉर्ट रेस्टवर (छोट्या विश्रांतीवर) परत येतात, आणि एका लाँग रेस्टमागे दोन शॉर्ट रेस्ट मिळतात. बार्बेरियनचा रेज (संतापाची ताकद) फक्त लाँग रेस्टवर येते, सुरुवातीला दोनच. प्रत्येक लाँग रेस्टला ४० सप्लाय (शिधा) लागतात आणि सगळ्यांनी हो म्हणावं लागते. दोन तासांच्या बैठकीत हे फार जाणवते.

पॉइंट: स्ट्रेंग्थ १५ वर +२ म्हणजे १७, कॉन्स्टिट्यूशन १५ वर +१ म्हणजे १६, डेक्स्टेरिटी १४, विजडम १०, बाकी दोन ८. बरोबर २७ पॉइंट होतात. जड चिलखतात डेक्सचा एसीला (शत्रूचा वार लागायला गाठावा लागणाऱ्या आकड्याला) उपयोग नाही, तरी १४ ठेव. या गेममध्ये इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) चार बाजूंच्या फाशावर ठरते, म्हणून डेक्सचे +२ खूप वजनदार पडतात. आणि तुझा नंबर रोगला लागूनच आला तर दोघांना एकाच वेळी खेळता येते. तू आधी शत्रूला जाऊन भिड, साथीदार शत्रूपासून १.५ मीटरमध्ये असला की रोगला स्नीक अटॅक (जास्तीच्या माराचा वार) मिळते.

लेव्हल ४ ला ग्रेट वेपन मास्टर हे फीट (खास कौशल्य) घे. आता इथेच बहुतेक जण फसतात. त्यातलं ऑल इन नेमावर –५ आणि मारावर +१० देते, आणि लोक ते कायम चालू ठेवतात. लेव्हल ५ चा हिशेब बघ: स्ट्रेंग्थचे ३ आणि प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) ३, म्हणजे +६. ग्रेटस्वोर्डचा सरासरी मार ७ + ३ = १०.

समोर एसी १५ असला तर साधा वार ६० टक्के लागते, म्हणजे सरासरी ६. ऑल इन लावून ३५ टक्के, पण मार २०, म्हणजे ७. फायदा आहे, पण मामुली. अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) असला तर ८.४ विरुद्ध ११.५, तेव्हा डोळे झाकून चालू कर. एसी १९ वाल्यापुढे मात्र साधा वार ४ आणि ऑल इन ३ पडते, तिथे बंद.

दर वेळी आकडेमोड नको. शत्रूवर कर्सर नेला की टक्के दिसतात. ऑल इन चालू केल्यावरचे टक्के आधीच्या निम्म्याहून जास्त राहिले तर चालू ठेव. पुढे तुझा मूळ मार १५ च्या घरात गेला की निम्म्याऐवजी ६० टक्के धर.

वऱ्हाडी_ढाल
हिशेब पटला. पण त्यात एक गोष्ट सुटली. लेव्हल ५ पर्यंत क्लेरिक ब्लेस टाकत राहील, म्हणजे नेमावर सरासरी अडीच. लेव्हल ५ ला त्याच्या हातात स्पिरिट गार्डियन्स हा मंत्र येते आणि तेही कॉन्सन्ट्रेशनवरच चालते. दोन्ही एकदम टिकत नाहीत. तो गार्डियन्सच टाकणार, टाकायलाच पाहिजे, आणि नेमका तेव्हा तुझा नेम घसरते. "काल लागत होतं, आज काहून लागत नाही" याचं कारण बहुतेक हेच असते.

म्हणून अॅडव्हान्टेजची सोय आधीच कर. पहिला वार ट्रिप अटॅकचा. शत्रू पडला तर दुसरा वार ऑल इन लावून. प्रिसिजन अटॅकही घे, त्याचा डी८ (आठ बाजूंचा फासा) सरासरी साडेचार देते, म्हणजे –५ जवळजवळ भरून निघते. गेलकडून माणसासारख्या शत्रूवर होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा मंत्र). जवळून लागलेला प्रत्येक वार मग क्रिटिकल (दुप्पट फाशांचा), आणि क्रिटिकलवर ग्रेट वेपन मास्टरचा बोनस वार वेगळा. कॉन्सन्ट्रेशन गेलचं जाते, क्लेरिकचं मोकळं राहते.

तरी माझं मत पॅलाडिनकडे झुकते. लेव्हल ६ ला त्याच्या ३ मीटरच्या आत उभ्या सगळ्यांना सेव्हिंग थ्रोवर (मंत्राचा असर टाळायच्या फाशावर) करिश्माचा बोनस मिळते. करिश्मा १६ असला तर +३. रोग आणि गेल विजडमच्या मंत्रांना सापडले की लढाई कशी पलटते हे खेळणाऱ्याला माहीत आहे. पॉइंट: स्ट्रेंग्थ १७, करिश्मा १६, कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स १०. स्माइट (वारावर जास्तीचा दैवी मार) रिअॅक्शनमध्ये विचारण्यावर ठेव, म्हणजे क्रिटिकल लागल्यावरच स्लॉट (मंत्रांचा साठा) खर्च करता येते आणि त्याचे फासे दुप्पट होतात. उणीव एकच: स्लॉट लाँग रेस्टवरच येतात.

दिग्रस_कट्टा
धन्यवाद भाऊ. फायटरच घेतो. ढाल अजिबातच नको का? आणि सुरुवातीची तलवार?

मूर्तिजापूर_जंक्शन
लाइफ क्लेरिकला ढाल देऊन त्याला तुझ्या शेजारी उभं कर, तू दोन हातीच राह. तलवार पहिल्याच जहाजावर आहे: कमांडर झाल्कची एव्हरबर्न ब्लेड. क्लेरिकने कमांड टाकून 'ड्रॉप' सांगायचं, ती खाली पडली की उचलून पुढे निघायचं. झाल्कने कमांडचा असर टाळला तर तिथेच अडकून राहू नको, झाल्कचा मार लेव्हल १ ला झेपत नाही.

वाटणीचं आधी ठरवा. ग्रिमफोर्ज या भागात मिथ्रल ओअर दोनच मिळतात, म्हणजे अॅडमंटाइनच्या दोनच वस्तू. एक स्प्लिंट आर्मर तुला, कारण त्यावर शत्रूचा क्रिटिकल चालत नाही. इथेल चेटकिणीच्या केसातून मिळणारा +१ ही एकालाच लागते. तो स्ट्रेंग्थला घेतला की तुझे १७ चे १८ होतात आणि एक आख्खं फीट वाचते. आणि काही नाहीच जमलं तर विथर्स या पात्राकडे १०० गोल्डमध्ये सगळं नव्याने मांडता येते, त्यामुळे घाबरू नको.

पुसद_लाइनमन
बिल्ड झाला, आता लाइनीचं बोलू. होस्ट (ज्याच्या मशीनवर खेळ चालते तो) पडला की सगळ्यांचा खेळ थांबते. म्हणून ज्याच्याकडे चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप किंवा इन्व्हर्टर आहे त्यानेच होस्ट व्हावं, मग त्याचं कॅरेक्टर कोणतंही असो. प्रत्येक लढाईआधी एफ५ दाबून सेव्ह करा.

गेमला १५० जीबी जागा लागते, तिघांनी मोबाइल डेटावर उतरवू नका. एकाने उतरवून घ्या, मग मशीन एकाच राउटरवर आणून स्टीमचं लोकल नेटवर्क गेम ट्रान्सफर वापरा. नेटचा डेटा फार कमी जाते. तिघांची आवृत्ती आणि मॉड सारखेच पाहिजेत, एकाचं अपडेट राहिलं तर तो आत येऊच शकत नाही. स्टीमवर 'गेम सुरू करतानाच अपडेट' असं लावून ठेवा आणि अपडेट आलं की तिघांनी एकाच दिवशी करा, खेळायच्या दिवशी नको.