घोड्यासाठी वाळलं गवत भरायचंय: विषारी तण कसं ओळखायचं, गवत कुठनं घ्यायचं?

तोबरा (निपाणी)
नमस्कार मंडळी. आमच्याकडं दोन घोड्या आहेत, त्यातली एक गाभण. आत्तापर्यंत चंदीला हरभरा आणि वैरणीला कडबा नि बांधावरचं हिरवं, असं चाललं होतं. यंदा वर्षाचं वाळलं गवत एकदम भरून ठेवायचं म्हणतोय. खानापूरकडचा एक व्यापारी डोंगरी गवताच्या पेंढ्या टेम्पोनं घरपोच देतो, दरही बरा आहे. नमुन्याला चार पेंढ्या आणल्या. वरनं पिवळंधमक गवत, पण सोडून बघितल्यावर आत जाड काड्या, फुगलेल्या वाळक्या शेंगा आणि चुरा झालेली काळपट पानं. त्याला विचारलं तर म्हणतो, "घोडं बरोबर निवडून खातं, तुम्ही कशाला काळजी करताय?"

आपल्या भागात घोड्याला बाधणारी तणं नेमकी कुठली? वाळल्यावर ती ओळखायची कशी? आणि गवत कुठनं घेतलेलं बरं? गाईम्हशींबद्दल कुणीही सांगतं, घोड्याचं विचारलं की सगळे गप्प.

रानवाट (खानापूर)
व्यापाऱ्याचं बोलणं उभ्या रानात बऱ्यापैकी खरं आहे, गव्हाणीत नाही. रानात घोडं ओठानं चाचपून कडू झुडूप बाजूला सारतं, कारण शेजारी दुसरं गवत असतं. तेच झुडूप कापून वाळवून पेंढीत बांधलं की त्याचा वास नि कडवटपणा कमी होतो, पानं चुरून गवतात मिसळतात, आणि पोटाला दुसरं काही नसतं. वाळवल्यानं बहुतेक विषं जात नाहीत, फक्त ओळख जाते. त्यात घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं.

तुमच्या वर्णनावरनं मला खुळखुळ्याचा संशय येतोय. आमच्याकडं माळावर पावसाळा सरता सरता पिवळी फुलं येतात, तुरीच्या फुलासारखी. नंतर करंगळीएवढ्या फुगीर, कागदी शेंगा धरतात. एक वाळकी शेंग कानाजवळ हलवून बघा. आत बिया सुट्या वाजल्या तर तोच. हिरवळीच्या खताला आपण ताग पेरतो तो याच कुळातला, त्याच्या बियांपासूनही घोडं लांबच ठेवायचं. यातलं विष यकृतावर जातं आणि साठत राहतं. आज खाल्लं, उद्या काही दिसत नाही. महिने जातात. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातली घोडी याच कुळातल्या झुडपानं भिंतीला डोकं लावून उभी राहायची, नाहीतर दिशा न बघता चालतच सुटायची. तिकडं त्या रोगाला भागाचंच नाव पडलंय. इंग्लंडात रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलाचं तण आहे, त्यातही ह्याच जातीचं विष. तिथं त्या एका तणासाठी २००३ साली कायदा केला. आपल्याकडं खुळखुळा पोरं खेळायला घेतात.

घाणेरी पेंढीत आली तर काडी चौकोनी आणि खरखरीत लागते, बारीक काटे असतात. तीही यकृतावरच जाते. काँग्रेस गवताची वाळकी काडी रेघारेघांची, टोकाला पांढुरक्या बारीक फुलांचा भुगा. ते सहसा एका फटक्यात मारत नाही, पण तोंड सोलतं, लाळ गळते, अंगाला खाज सुटते. पेंढ्या सोडणाऱ्या माणसालाही सुटते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

नुसती कुसळीची पेंढी असेल तर ती विषारी नाही, पण कुसळं हिरड्यांत नि जिभेखाली रुततात. घोड्यानं वैरण सोडली की लोक पोटाचं औषध देत बसतात, आणि दुखणं असतं तोंडात.

चाबूक_नको (रायबाग)
एवढं भिण्यासारखं काय आहे त्यात? आमच्याकडं घोडागाडीच्या शर्यतीची घोडी पिढ्यान् पिढ्या आहेत. उसाचं वाडं, कडबा, बांधावरचं गवत, जे असेल ते खातात आणि पळतातही. आमच्या थोरल्या काकांनी जन्मात कधी पेंढी सोडून बघितली नसेल. खुळखुळ्यानं मेलेलं घोडं मी तरी बघितलेलं नाही.

रानवाट (खानापूर)
दादा, तुमच्याकडं माळ किती आणि ऊस किती? रायबागात घोड्याच्या तोंडी खुळखुळा येणार कुठनं! आमच्या डोंगरी गवताची गोष्ट वेगळी. आणि घोडं सहा महिन्यांनी वाळत वाळत गेलं तर "जंत झाले असतील" म्हणतात, गवताचं नाव कोण घेतंय?

गोठ्यातली_डॉक्टर (बेळगाव)
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. रायबागकर दादांची घोडी ठणठणीत आहेत कारण त्यांची वैरण शेतातली आहे. पण "काही झालं नाही" हा यकृताच्या बाबतीत पुरावा धरू नका. यकृताचा बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत घोडं खातंपितं, पळतंही. मग वजन उतरतं, सारख्या जांभया येतात, डोळ्यांची आतली कातडी पिवळी पडते, पांढऱ्या चट्ट्यांवरची कातडी उन्हानं भाजल्यासारखी सोलते. इथपर्यंत आलं की आमच्या हातात फार थोडं उरतं. शंका असेल तर रक्तात जीजीटी (यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम) तपासून घ्या. नुसत्या बिलिरुबिनवर, म्हणजे काविळीच्या पिवळ्या घटकावर, जाऊ नका, घोडं दोन दिवस उपाशी राहिलं तरी ते वाढतं.

खुळखुळा सावकाश मारतो. झटपट मारणारी वेगळीच आहेत, आणि ती बहुतेक घराशेजारीच असतात.

पहिली कण्हेर. पांढरी, गुलाबी, तशीच पिवळी बिट्टीसुद्धा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला पंधरा-वीस ग्रॅम पानं जिवावर बेततात. पानं वाळली तरी विष तसंच. ताजी कण्हेर घोडं सहसा तोंडात धरत नाही, छाटून टाकलेली सुकी पानं मात्र गवताबरोबर जातात. निपाणी-संकेश्वर-बेळगाव महामार्गासारख्या रस्त्यांवर दुभाजकात कण्हेर लावायची पद्धत आहे. छाटणी झाली की फांद्या कडेला पडतात आणि तिथंच कुणीतरी घोडं चरायला बांधतं. माउलींच्या पालखीसाठी आळंदीला पायी जाणाऱ्या अंकलीच्या अश्वांचं आपल्याला केवढं कौतुक! तसं लांबच्या वाटेला घोडं न्यायचं असेल तर वैरण बरोबर घ्या, रस्त्याकडेच्या हिरव्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा धोतरा, उकिरड्याच्या कडेचा. यातलं ॲट्रोपिन घोड्याचं आतडं थांबवतं. बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, पोट फुगतं, आणि पोटाला कान लावला तर गुडगुड ऐकू येत नाही. लोकांना वाटतं साधा शूळ आहे.

तिसरा एरंड. इतर जनावरांपेक्षा घोड्याला तो जास्त बाधतो. शेतात टाकायला आणलेल्या एरंडी पेंडीचं पोतं चंदीच्या पोत्याशेजारी ठेवू नका. अंधारात पहाटे चंदी काढणारा माणूस लेबल वाचत नाही.

काही खाल्ल्याचा संशय आला तर वैरण लगेच बाजूला करा, खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ नंबरवर सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी मिळते. तोपर्यंत हात जोडून सांगते, बांबूच्या नळ्यानं किंवा बाटलीनं तेल पाजू नका. घोड्याच्या फुप्फुसात तेल गेलं की मूळ विषापेक्षा तेच नडतं. तेल किंवा कोळसा द्यायचा असेल तर आम्ही नाकातनं नळी घालून थेट पोटात देतो.

ज्वारीवाला (अथणी)
गवताची एवढी कटकट असेल तर सरळ आमच्याकडचा शाळूचा कडबा घ्या की. अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग, कुठलाही चालेल. कणीस भरल्यावर कापलेला, उन्हात खडखडीत वाळलेला. पेरलेल्या रानात झुडपं कमी, असली तर पिवळा धोतरा सापडेल, तो काट्यांमुळं लगेच हाताला कळतो. भीती आहे ती कोवळ्या पोंग्याची आणि पाण्याच्या ताणानं खुरटलेल्या ज्वारीची, ज्यानं किराळ लागतं, म्हणजे ज्वारीची विषबाधा होते. नीट वाळलेल्या कडब्यात तो धोका फार कमी. काळी बुरशी दिसली तर मात्र पेंढी फेकायची, झटकून द्यायची नाही.

गोठ्यातली_डॉक्टर (बेळगाव)
कडबा चालेल. त्याला एक जोड देते. हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत घोड्याला महिनोन् महिने घालू नका. त्यानं मागचे पाय लटपटतात आणि लघवी थेंबथेंब गळत राहते, आणि ते पुरतं बरं होत नाही. मक्याची बुरशी लागलेली कणसं तर अजिबात नकोत, त्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. ते डोळ्यांना दिसतंच असं नाही, म्हणून पावसात भिजलेला मका स्वस्तात मिळाला तरी कोंबडीवाल्याला नि घोडेवाल्याला सारखाच वर्ज्य. आणि म्हशीसाठी केलेला मुरघास घोड्यापुढं टाकू नका.

तोबरा (निपाणी)
सगळ्यांचे आभार. आत्ताच पेंढ्या परत सोडल्या. शेंगा वाजतात! चारपैकी तीन पेंढ्यांत आहेत. चौथी स्वच्छ आहे, नुसतं बारीक पानाचं गवत, काडीला पेरापेरावर केसांचा झुपका. म्हणजे दोन वेगळ्या माळांवरचं एकत्र बांधलंय. आता ह्या व्यापाऱ्याला नकोच म्हणू, की त्या चौथ्या पेंढीचं गवत मागू?

रानवाट (खानापूर)
पेराला केस म्हणजे मारवेल, उत्तम गवत. ते मागाच. पण पेंढीचा सौदा करू नका, माळाचा करा. आमच्याकडं दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडतो आणि दिवाळीपर्यंत कापणी चालते. त्या आधी माळ बघायला या आणि उभ्या गवताचा दर ठरवा. दोन माणसं लावून खुळखुळा, घाणेरी, रानमोडी मुळासकट उपटून बाहेर काढा, मग विळा लावा. मजुरी जाते, पण एका घोडीला दिवसाला सहा-सात किलो वाळलं लागतं. वर्षाचं गणित मांडून बघा, किलोमागं फार काही पडत नाही. उशीर झाला तर गवत नुसतं काडी होतं आणि तणाच्या शेंगा पिकून बसतात, म्हणून फुलोऱ्यातच कापा.

मालक उभं रान दाखवायला तयार नसेल तर दुसरा माळ बघा. कणकुंबी-जांबोटीकडचं फार पावसाचं गवत घेण्यापेक्षा पूर्वेचं, नंदगडच्या बाजूचं घ्या, वाळायला बरं जातं.

चाबूक_नको (रायबाग)
माळाचा सौदा हे पटलं बुवा. मलाही एक विचारायचंय. घरामागं एकरभर पडीक आहे, तिथं घोडी सोडतो, ते सगळं काँग्रेसनं भरलंय. तणनाशक मारू काय?

गोठ्यातली_डॉक्टर (बेळगाव)
मारलंत तर घोडी आत सोडू नका. औषधानं कोमेजलेलं तण जनावराला उलट गोड लागतं, एरवी जे हुंगत नाहीत ते खातात. पूर्ण वाळून, गोळा करून बाहेर नेल्यावरच फाटक उघडा. त्यापेक्षा पाऊस पडून जमीन ओली असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून उपटा. मेक्सिकन भुंगा ते तण खातो, बेंगळुरूला १९८४ मध्ये पहिल्यांदा सोडला होता, पण तो पावसाळ्यापुरताच कामाचा, बाकी वर्ष मातीत झोपतो.

काँग्रेस दाबायला टाकळ्याचं बी फेका असं कुणीतरी सांगेल. रस्त्याकडेला ठीक, घोड्याच्या रानात नको. टाकळ्याच्या बियाही चांगल्या नाहीत, आणि त्याचा भाऊ कासविंदा घोड्याचे स्नायू नि यकृत दोन्ही खराब करतो. मारवेल किंवा हराळी लावा आणि घोडी आलटून पालटून सोडा, जमीन उघडी पडू देऊ नका. धारवाडला झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, बी-ठोंबांची तिथं चौकशी करा. तुमचं उसाचं वाडं आणि नेपियर चालू असेल तर दिवसाला थोडा लसूणघासही द्या. त्या गवतांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हशीचं पोट ते जिरवतं, घोड्याचं नाही. वर्षानुवर्षं तेच खाल्लं तर घोड्याच्या जबड्याची हाडं फुगतात.

तोबरा (निपाणी)
मॅडम, एकच राहिलं. त्या तीन पेंढ्या घोड्यांखाली अंथरायला वापरू का? नाहीतर शेजारच्या मामांच्या म्हशीला देऊ?

गोठ्यातली_डॉक्टर (बेळगाव)
अंथरायला नको, रात्री कंटाळली की घोडी खालचं उचलून खातात. म्हशीलाही नको, तिचंही यकृत जातं. उकिरड्यावरही टाकू नका, बिया शेणखतातनं तुमच्याच रानात उगवतील. पेटवून द्या. फक्त शेंगा असलेली एक काडी ठेवा, माळ बघायला जाताना बरोबर न्या.