होडीवर संसार: वादळ आलं की निघून जाणाऱ्याने ‘मी इथे राहते’ म्हणावं का?

शिडवाली

आम्ही दोघं तीन वर्षांपासून ३६ फुटी शिडाच्या होडीवर राहतो. पुण्यातला फ्लॅट विकून १९८०च्या दशकात बांधलेली ही होडी घेतली. तेव्हापासून मार्टिनिक ते ग्रेनाडा या कॅरिबियन बेटांमध्ये आमचं बिऱ्हाड फिरतं आहे. परवा जुन्या मैत्रिणीने फोनवर सुनावलं, “तुम्ही तिथे राहत नाही. चांगले महिने तिथे काढता आणि वादळ आलं की निघता.” बोलणं लागलं, म्हणून इथे मांडते.

माझ्या मते हे राहणंच आहे, आणि फ्लॅटपेक्षा जास्त जागं राहणं आहे. टाकीत ३०० लिटर पाणी मावतं, दोघांत दिवसाला २५ लिटर पुरवतो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. दोन दिवस आभाळ भरलं की सोलरची वीज आटते आणि फ्रिज बंद. नव्या खाडीत नांगर टाकला की मी पाण्याचा चष्मा लावून खाली उतरते, नांगर वाळूत पुरता रुतलाय ना ते बघून येते. सात मीटर पाण्याला पस्तीस मीटर साखळी. रात्री अडीचला वारा फिरतो, तळावर घासणाऱ्या साखळीचा आवाज बदलतो आणि आम्ही दोघंही एकदम उठून बसतो. पुण्यात माझं घर माझ्याशी असं कधी बोललं नव्हतं.

जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. तेव्हा दक्षिणेला सरकतो. आपल्याकडे मचवे पुळणीवर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात घालत नाहीत, त्याला पळणं कोणी म्हणतं का?

हर्णैकर

ताई, बाकी सगळं वाचून आदर वाटला, पण ही तुलना चुकली. आमचं घर मासेमारीचं आहे. मचवा ओढतो तो आमच्याच पुळणीवर, आणि आम्ही त्याच्या शेजारीच राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मचवा वर सुरक्षित होता, पण घराची कौलं गेली. बागेतले आजोबांनी लावलेले माड आडवे झाले. माड नव्याने लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं जो तिथेच थांबतो, तो राहतो.

१ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनाडाजवळच्या कॅरिआकू बेटावर धडकलं. वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. तुमच्यासारख्या होड्या आधीचे दोन-तीन दिवस त्रिनिदादकडे निघाल्या होत्या. भाजी विकणारी बाई कुठे निघणार होती? तुमच्या मैत्रिणीचं बोलणं कडवट आहे, पण खोटं नाही.

जमाखर्च

मी पैशाचं बोलतो, कारण इथे दर महिन्याला कोणीतरी ‘फ्लॅट विकून होडी घेऊ का’ विचारतो. घेऊ नका. होडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के दरवर्षी देखभालीला लागतात, असं होडीवाले स्वतःच सांगतात. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. आणि विमा? अनेक विमा कंपन्यांची अट असायची की हंगामात होडी १२ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला हवी. कॅरिआकू त्या रेषेच्या दक्षिणेलाच आहे. लोकांनी अट पाळली, तिथल्या टिरेल बे या खाडीतल्या खारफुटीत होड्या बांधून ठेवल्या आणि बेरिलने त्या एकमेकींवर रचल्या. ग्रेनाडालाही वाटत होतं आपण वादळांच्या वाटेत नाही, तिथे २००४ मध्ये इव्हान वादळ आलं. कागदावरची रेषा वाऱ्याला दिसत नाही. ज्यांची सगळी पुंजी त्या एका होडीत होती, त्यांचं काय झालं असेल?

निवृत्त दर्यासारंग

नौदलात उमेदीची वर्षं घालवली, म्हणून थोडं बोलतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा आम्ही रोज नकाशा उघडून बसायचो. पण ती सफर होती, तिला शेवट होता. शिडवाली जे करते आहे त्याला शेवट नाही, म्हणून ते मला जास्त अवघड वाटतं. खोल पाण्यात चांगली होडी बरंच सोसते. धोका असतो तो किनाऱ्याजवळ, नांगरावर, शेजारच्या होडीचा नांगर घसरून ती तुमच्यावर आली की. वादळाआधी निघणं ही खलाशाची अक्कल आहे. जो निघत नाही त्याला शोधायला दुसऱ्यांना जीव धोक्यात घालावा लागतो. पळाल्याचा ठपका मला अजिबात मान्य नाही.

शिडवाली

दर्यासारंग, आभार. जमाखर्च, आकडे बरोबर आहेत. आम्ही फ्लॅटचे सगळे पैसे होडीत घातले नाहीत, आणि तेवढी ऐपत नसेल तर मीही ‘घेऊ नका’च म्हणेन.

हर्णैकर, तुम्हाला नीट उत्तर द्यायचं आहे. बेरिलच्या वेळी आम्ही त्रिनिदादला होतो. हंगाम संपल्यावर कॅरिआकूला परत गेलो. त्या बेटावर नदी नाही. प्रत्येक घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरतं. छप्पर उडालं म्हणजे नुसता आडोसा गेला नाही, पाणीही गेलं. हे मला तिथे उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं. आमच्याकडे समुद्राचं पाणी गोडं करायचं लहान यंत्र आहे, तासाला पंचवीसेक लिटर देतं. आठवडाभर दिवसा यंत्र चालवायचं, कॅन भरायचे आणि लहान होडीतून धक्क्यावर उतरवायचे, एवढंच काम केलं. एक आजी रोज रिकामा कॅन धुऊन, झाकण घट्ट लावून परत आणून द्यायच्या. हे राहणं नाही?

हर्णैकर

केलंत ते मोलाचं. पण तुम्हीच लिहिलंय की त्यांना छप्पर हवं होतं. पाणी तुमच्या यंत्राचं होतं, ते तुमच्याबरोबर निघून गेलं. आणि त्याच बेटावरचे विंडवर्ड गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी शिडाच्या होड्या बांधतात. २०२३ मध्ये युनेस्कोने त्या कलेची नोंद घेतली. होडीचा संसार त्यांचाही आहे, फक्त तो किनाऱ्याला बांधलेला आहे. तुम्ही पाहुण्या आहात, चांगल्या पाहुण्या आहात. ‘पाहुणी’ म्हणवून घ्यायला का जड जातं?

शिडवाली

कारण पाहुणीला कोणी काम सांगत नाही. विंडवर्डला एका सुताराने मला तासणी हातात देऊन फळी धरायला लावलं, वाकडी धरली म्हणून रागावलाही. त्या दिवशी मी पाहुणी नव्हते. बाकीचे दिवस होते, हे मान्य करते.

पुढच्या हंगामात कॅरिआकूला दोन महिने नांगर टाकायचा बेत आहे. छपराच्या पत्र्यांचं काम अजून कुठे अडलंय ते आधी विचारून घेईन. तुम्हाला कौलं-पत्रे बसवायचा अनुभव आहे. वाऱ्याला टिकावेत म्हणून निसर्गनंतर तुमच्याकडे वासे कसे बांधले, ते इथे लिहाल का?

हर्णैकर

लिहितो. उद्या धाकट्या काकांना विचारून, मापांसकट.