तीन टक्के जास्त की बारा टक्के?

करवंद
एका संस्थेसाठी बचत गटातल्या बायकांकरता पैशांच्या व्यवहारांवरची बत्तीस पानी पुस्तिका मराठीत करते आहे. मूळ इंग्रजी. काम सोपं वाटत होतं. परवा कच्चा मसुदा माण तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. ‘सावकारापेक्षा बँकेचं कर्ज स्वस्त पडतं, बँकेचा दर १२ टक्के असतो’ इथवर आले, तर मागून एक आजी म्हणाल्या, “बारा? आगं बया! आमचा तर तीन टक्क्यानं देतोय की!” सगळ्या हसल्या. आजींना हसतायत असं मला वाटलं, पण हसत होत्या मला.

त्यांचे तीन टक्के महिन्याचे. म्हणजे वर्षाचे ३६. पण हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही, कारण गावात टक्का म्हटला की तो महिन्याचाच. बँकेत तो वर्षाचाच. शब्द एक, आणि मधे बारा पटींचा खड्डा.

आता अडचण पुढची. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांबरोबर मुख्य माहितीचं एक पत्रक ग्राहकाला द्यायला लावलं आहे. व्याज आणि सगळी शुल्कं धरून वर्षाला खरोखर किती पडतं तो एकच दर त्यात असतो. त्याला मी ‘वार्षिक टक्केवारी दर’ लिहिलं. यावर एका ताईंनी विचारलं, “टक्केवारी कुणाची? सरपंचाची का कंत्राटदाराची?” त्यांचंही बरोबरच आहे. तर ह्या दराला काय म्हणू?

खतावणी
ताई, शब्द तयार आहे, आपण सगळ्यांनी तो शाळेत घोकलाय. द.सा.द.शे. दरसाल दर शेकडा. साल आधी, शेकडा नंतर. ज्याने ही चार अक्षरं रचली त्याला तुमच्या आजींची अडचण ठाऊक असणार. एकतीस वर्षं बँकेत काढली, याहून नेमका शब्द मला कुठल्याही परिपत्रकात सापडला नाही.

अक्षरशत्रू
मला सातवीपर्यंत दसादशे हे आडनाव वाटायचं. ‘रमेशने द.सा.द.शे. ८ दराने ५००० रुपये घेतले.’ म्हणजे रमेश बिचारा, आणि दसादशे नावाचे कुणी गृहस्थ सगळ्या महाराष्ट्राला कर्ज वाटत फिरतायत. मदक भागिले शंभर केलं की उत्तर येतं आणि दसादशे खूश होतात. अर्थ कुणी सांगितलाच नाही.

माणदेशी
मी बँक सखी म्हणून, म्हणजे बचत गट आणि बँक यांच्यामधलं, तीन वर्षं काम केलं आहे, त्यामुळं थोडं बोलते. द.सा.द.शे. बायकांना माहीत नसतं असं नाही, ज्या शाळेत गेल्या त्यांना आहे. पण ते गणिताच्या पेपरातलं. घरातला शब्द ‘शेकडा’. शेकडा दोन, शेकडा तीन, शेकडा पाच. आमच्या गटाचं अंतर्गत कर्जसुद्धा शेकडा दोन, आणि ते महिन्याचंच. मग पुस्तिकेत ‘शेकडा’ घातलं तर पुन्हा तोच घोळ. नुसता शब्द बदलून काय होणार?

शुद्धमती
मुळात ‘टक्का’ हाच शब्द का हवा? ‘शेकडा’ हा शतापासून आलेला आपला शब्द. टक्का म्हणजे टंक, नाण्यावर मारलेला छाप. म्हणूनच टांकसाळ. टका हे नाण्याचं नाव, त्याचा टक्का झाला आणि मग शंभरातला भाग. नाणं आणि प्रमाण यांची एकदा गल्लत झाली की असंच होणार.

आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘वित्तीय साक्षरता’ असणार असा माझा अंदाज आहे. कृपया ते आधी काढा. तो हिंदीतून आलेला माल आहे. आपल्याकडे अर्थमंत्री असतो, अर्थसंकल्प असतो. ‘अर्थसाक्षरता’ म्हणा.

अक्षरशत्रू
आणि टक्केटोणपे? तेही त्याच टक्क्यातले असणार. व्याजाचे टक्के भरून भरून माणूस टोणपे खातो.

शुद्धमती
नाही हो. तिथला टक्का म्हणजे धक्का, ठोकर. शब्द सारखा दिसला म्हणून एकाच घरातला होत नाही.

अक्षरशत्रू
बरं. पण माझी व्युत्पत्ती अनुभवावर उभी आहे.

वऱ्हाडी ठेचा
शुद्धमती, अर्थमंत्री बरोबर, पण त्यांचं खातं ‘वित्त विभाग’च आहे ना, मंत्रालयातल्या पाटीवर जाऊन पाहा. रिझर्व्ह बँक दरवर्षी वित्तीय साक्षरतेचा सप्ताह पाळते, तिच्या फलकांवर कधी वित्तीय असतं, कधी आर्थिक. माझं भांडण दुसऱ्याच शब्दाशी आहे. साक्षरता! ज्याला अक्षर येतं तो साक्षर. माझी आजी अंगठाबहाद्दर होती. दुधाचं रतीब घालायची. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, गिऱ्हाईकागणिक एक ओळ, खाडा पडला की रेघेवर आडवी फुली. महिनाअखेर शिकलेले लोक वाद घालायला यायचे आणि भिंत पाहून पैसे देऊन जायचे. तिला निरक्षर म्हणणार? आणि माझा इंजिनिअर चुलतभाऊ, ज्यानं मोबाईलवरच्या ॲपातून सात दिवसांचं कर्ज घेतलं, तो साक्षर?

खतावणी
तुमच्या आजींना हिशेब येत होता, तेच खरं शिक्षण. पूर्वी आम्ही ‘हिशेबी माणूस’ म्हणायचो. पण आता हिशेबी म्हणजे चिक्कू. ‘व्यवहारी’ म्हणजे थोडा लबाड. पैशाच्या बाबतीत शहाण्या माणसाला मराठीत चांगला शब्दच उरला नाही की काय अशी शंका येते.

दमडी
टक्का महिन्याचा का, याचं मूळ जुन्या नाण्यांत शोधायला हवं असं मला वाटतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. आमचे आजोबा ‘रुपयाला पैसा’ म्हणायचे, म्हणजे महिन्याला रुपयामागे एक पैसा. जुन्या पैशाने वर्षाला पावणेएकोणीस टक्के होतात. ‘रुपयाला आणा’ म्हणजे वर्षाला ७५! पुढे नवा पैसा आला आणि ‘रुपयाला पैसा’ म्हटलं की बरोबर महिन्याला एक टक्का, वर्षाला १२. बोलायचा शब्द तोच आणि व्याज मात्र कमी झालं. अर्थात सावकाराने काही ते कमी केलं नाही, त्याने ‘दोन पैसे’ म्हणायला सुरुवात केली.

व्याज महिन्याला मोजायचं कारण मात्र उघड आहे. हातउसनं घेणारा वर्षाचा विचारच करत नाही. त्याला पुढचा बाजार दिसत असतो.

करवंद
रुपयाला पैसा! हे मला वापरता येईल बहुतेक. पण आणखी एक गाठ. पुस्तिकेत दोन पद्धती समजावायच्या आहेत. एकात व्याज पूर्ण मुदलावर शेवटपर्यंत, दुसऱ्यात फेडू तसं उरलेल्या मुदलावर. पहिल्याला मी ‘सरळ व्याज’ लिहिलं होतं.

माणदेशी
ते आधी खोडा ताई! सरळ म्हटलं की बायकांना वाटतं हे सरळमार्गी, आणि दुसरं वाकडं. माझ्या बैठकीत खरंच झालंय असं. खरं तर फसवं तेच. आमच्या गटात दहा हजार दिले तर दर महिन्याला एक हजार मुद्दल आणि उरलेल्यावर शेकडा दोन. पहिल्या महिन्याला व्याज २००, मग १८०, १६०... दहा महिन्यांत ११०० होतात. तेच शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लावलं तर २०००. दर दोन्हीकडं शेकडा दोनच.

आणि खतावणी काका, इथं तुमचं द.सा.द.शे.सुद्धा वाचवत नाही. वर्षासाठी दहा हजार, दरसाल दर शेकडा १२, बारा हप्ते. उरलेल्या मुदलावर असेल तर हप्ता ८८८ च्या आसपास, व्याज सगळं मिळून ६६२. पूर्ण मुदलावर असेल तर हप्ता ९३३, व्याज १२००. तो दुसरा खरा दर साडेएकवीसच्या जवळ जातो. पण कागदावर दोन्हीकडं ‘दरसाल दर शेकडा बारा’ लिहिता येतं.

खतावणी
हे मान्य. म्हणूनच तर त्या पत्रकातल्या एका दराची गरज पडली. आम्ही काउंटरवर ‘घटत्या शिलकीवर’ म्हणायचो. पण खरं सांगतो, ‘शिल्लक’ म्हटलं की लोकांना स्वतःची खात्यातली शिल्लक आठवायची. एका शेतकऱ्याने विचारलं होतं, माझी शिल्लक घटली तर व्याज का घेता?

वऱ्हाडी ठेचा
‘उरल्या मुदलावर’ आणि ‘अख्ख्या मुदलावर’ लिहा. विषय संपला.

शुद्धमती
‘अख्खा’ हा ग्रांथिक शब्द नाही.

वऱ्हाडी ठेचा
पुस्तिका ग्रंथपालासाठी नाहीये.

करवंद
‘अख्ख्या मुदलावर’ घेतेय. आभार. आता एक कबुली. मसुद्यात मी एका ठिकाणी ‘निर्व्याज कर्ज’ लिहिलं होतं आणि संपादकांनी लाल गोल केला. मला अजून कळत नाही चूक काय. व्याज नाही ते निर्व्याज. पीककर्जाला शून्य टक्के म्हणतात, तसंच हे.

शुद्धमती
संपादकांना माझा नमस्कार कळवा. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, कपट, सोंग. व्याजस्तुती ती हीच, स्तुतीचं सोंग करून केलेली निंदा. निर्व्याज म्हणजे निष्कपट. निर्व्याज प्रेम हे वेगळं, बिनव्याजी प्रेम वेगळं. पैशावरच्या वाढीला संस्कृतात वृद्धी म्हणत.

अक्षरशत्रू
म्हणजे मराठीने पैशांच्या वाढीला थेट ‘कपट’ हेच नाव दिलं! भाषेला आधीच सगळं कळलं होतं. पुस्तिकेची गरजच काय?

खतावणी
असं सोयीचं काढू नका हो. ठेवीवरही व्याजच मिळतं. तिथे कपट कुणाचं, तुमचं?

अक्षरशत्रू
मला ३ टक्के मिळतात बचत खात्यावर. वर्षाला. कपट कुणाचं ते तुम्हीच सांगा.

दमडी
या सगळ्यात एक राहिलं. करवंदताई, पुस्तिकेत ‘दामदुप्पट योजनांना भुलू नका’ असं वाक्य असेल तर जरा थांबा.

करवंद
आहे! पान १९. का?

दमडी
दामदुपट हा आमिषाचा शब्दच नाही, कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, बाजूचा नियम आहे. हिंदू कायद्यात एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलाहून जास्त होऊ नये. दाम दुप्पट झाला की तिथे हात थांबला. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो पाळलेला आहे. तुमच्या आजींच्या शेकडा तीनने, काही न फेडता, चौतिसाव्या महिन्यात व्याज मुदलाला ओलांडतं. दामदुपट तिथे सावकाराचा हात धरायचा. अर्थात मधेच नवा कागद करून व्याज मुदलात मिळवलं की हिशेब पहिल्यापासून सुरू. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी गुजर-मारवाड्यांच्या दुकानांवर चालून जाऊन गहाणखतं आणि रोखे जाळले, ते उगाच नाही. त्यांना मुख्यतः कागद हवे होते. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ ला, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. असा शब्द आपण भामट्यांच्या जाहिरातीला देऊन टाकायचा?

वऱ्हाडी ठेचा
काका, इतिहास भारी आहे. पण आज दामदुप्पट म्हटलं की एकाच्या दोन करून देणारा डोळ्यांपुढे येतो. आमच्या गावातली निम्मी वस्ती त्या शब्दावर एकदा बुडाली आहे. त्यांना सांगायचं की शब्द मुळात तुमच्या बाजूचा होता?

दमडी
हो, सांगायचं. का नाही सांगायचं?

माणदेशी
सांगा, पण तो दोन पकारांचा नि एक पकाराचा फरक कानाला कळत नाही. दामदुपट आणि दामदुप्पट, बोलताना एकच.

शुद्धमती
लेखनात मात्र फरक पाळावा. एकाच पकाराने नियम आणि दोन पकारांनी फसवणूक.

खतावणी
परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तारण असेल तर ९. बिगरशेतीला विनातारण १८, तारण असेल तर १५. हे २०१४ च्या सावकारी कायद्याखालचे दर. पान १९ वर दामदुपटीऐवजी हे टाका. शेकडा तीन मागणाऱ्याकडे परवाना आहे का, एवढं जरी बाईने विचारलं तरी पुष्कळ.

माणदेशी
विचारल्यावर पुढच्या वेळी पैसे कोण देणार, ते पण पुस्तिकेत टाका.

करवंद
माझा मूळ प्रश्न कुणाला आठवतोय का? छापखान्यात उद्या द्यायचंय. मी सध्या असं केलंय: ‘बँक : शंभर रुपयांना महिन्याला १ रुपया. सावकार : शंभर रुपयांना महिन्याला ३ रुपये.’ टक्का, शेकडा, टक्केवारी, काहीच नाही. आजींना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे बरं हाय. पर बँक येवढ्या लवकर देती का?”

खतावणी
‘शंभर रुपयांना’ असं एकटं लिहू नका. ‘उरलेल्या शंभर रुपयांना’ हवं. नाहीतर पुन्हा अख्खं मुद्दल झालं.

शुद्धमती
आणि मुखपृष्ठावर शेवटी काय ठेवलंत? वित्तीय का?

वऱ्हाडी ठेचा
‘भिंतीवरच्या रेघा’ ठेवा.

दमडी
सुप्यावरून आठवलं, ‘गहाण’ आणि ‘तारण’ यांत लोक फरक करतात का आपल्याकडे? आमच्या घरी सोनं गहाण पडायचं, पण जमीन मात्र तारण.