कराच्या बिलातले पैसे कुठे जातात?

बी-204: काका, पुणे महापालिकेचं मिळकत कराचं बिल उघडून बसलेय. सफाई कर, वृक्ष कर, पथकर कळले. पण महापालिकेचा शिक्षण कर असताना शासनाचा शिक्षण कर वेगळा कशाला?

ए-301: ताई, तो राज्य सरकारचा. महापालिका फक्त गोळा करून तिकडे भरते. खालच्या दुकानांच्या बिलात रोजगार हमी करही दिसेल, तोही राज्याचाच.

सी-102: मग महापालिकेचं 2025-26 चं 12,618 कोटींचं अंदाजपत्रक कशाच्या जोरावर?

ए-301: एकट्या मिळकत कराच्या नाही. आधी जकात होती, 2013 ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2017 ला जीएसटी. आता त्याबदल्यात राज्याकडून दरमहा अनुदान येतं. शिवाय बांधकाम परवानगीचं शुल्क, पाणीपट्टी. आणि 12,618 कोटी हा अंदाज आहे रे, गल्ल्यात पडलेली रक्कम नव्हे. जमा कमी झाली की कात्री आधी नव्या कामांना लागते, कारण पगार, पेन्शन, वीजबिल थांबवता येत नाहीत. आपल्याकडे मेन्टेनन्स थकला तरी वॉचमनचा पगार होतो आणि रंगकाम पुढं जातं, तसंच. म्हणून कर वेळेत भरा असं मी सारखं म्हणतो.

सी-102: कर्ज नाही काढता येत?

ए-301: येतं. 2017 ला समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले होते, 7.59 टक्के व्याजानं. कर्ज अशा टिकाऊ कामालाच काढावं, रोजच्या खर्चाला नाही.

बी-204: आपल्या गल्लीच्या तोंडाशी दिवा हवाय, त्याचं काय करायचं?

ए-301: हे खरं आपल्या हातातलं! अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर अधिकाऱ्याची इच्छा असूनही काम निघत नाही. पुण्यात नागरिकांना कामं सुचवता येतात, एका कामाला 5 लाखांपर्यंत. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात घेतात. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, तोवर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार झालेलं असतं.

सचिव: तरतूद झाली की काम नक्की ना?

ए-301: नाही. वर्षअखेरीला वर्गीकरण होतं, म्हणजे न खर्चलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळते. निविदा निघाली का, हे दिवाळीनंतर विचारत राहायला हवं. ते मी करतो.

बी-204: अर्ज मी आणते.

ए-301: छान. जागा नेमकी लिहा हं, नुसतं ‘सोसायटीजवळ’ नको. शेजारच्या खांबाचा नंबर टाका.

सी-102: संध्याकाळी फोटो काढून इथे टाकतो, नंबर दिसेल असा.