फ्रेड हॉईल यांना नोबेल का मिळालं नाही? (संदर्भ: १९८३)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या चिपळूणच्या वाचनालयात दर महिन्याला आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञानगप्पा असतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. खरं तर दुसरं कुणी घेईना म्हणून आलं. पुढच्या खेपेला विषय आहे जयंत नारळीकर. सरांबद्दल बोलायचं तर केंब्रिज येणार, आणि केंब्रिज आलं की त्यांचे गुरू फ्रेड हॉईल येणार. तिथेच माझी गाडी अडली आहे.

१९८३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांत विभागलं गेलं. अर्धं चंद्रशेखर यांना, अर्धं विल्यम फाउलर यांना. फाउलर यांच्या मानपत्रात म्हटलंय की विश्वातली मूलद्रव्यं घडवणाऱ्या अणुगर्भीय अभिक्रियांच्या सैद्धांतिक आणि प्रायोगिक अभ्यासाबद्दल. आता ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं तयार होतात हा सिद्धांत उभा केला हॉईल यांनी. १९५७ चा गाजलेला निबंध चौघांचा: मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल. मग एकट्या फाउलरनाच कसं? 'एका वेळी तिघांनाच देता येतं' असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं. अहो, पण इथे तर दोघेच आहेत! तिसरी खुर्ची रिकामीच होती.

नेटवर शोधलं तर कुणी म्हणतं, जोसलिन बेल प्रकरणात (या विद्यार्थिनीला डावलून तिच्या मार्गदर्शकाला नोबेल दिलं तेव्हा) हॉईलनी नोबेलवर टीका केली त्याचा राग. कुणी म्हणतं, महास्फोट मानायला तयार नव्हते म्हणून. कुणी म्हणतं, अंतराळातून जंतू येतात असं बोलायला लागले, तेव्हा लोकांनी हात झटकले. आमच्या गटात नववीतली एक मुलगी आहे. ती फक्त 'कशावरून?' एवढंच विचारते आणि मला घाम फुटतो. तिच्यासमोर उभं राहून ठामपणे काय सांगता येईल?

---

चहाबाज

बेल प्रकरणच. दुसरं काही नाही. हॉईलनी १९७५ मध्ये उघड टीका केली, समितीने ती लक्षात ठेवली आणि वेळ आल्यावर वचपा काढला. स्वीडिश असले तरी माणसंच ती.

---

कृष्णाघाट

चहाबाज, कशावरून? (वाशिष्ठीकाठ, त्या मुलीला या संस्थळाचं सभासद करून घ्या. इथे तिची फार गरज आहे.)

आधी नियम बघू. नोबेलसाठी कुणी कुणाचं नाव सुचवलं, समितीत काय चर्चा झाली, हे सगळे कागद ५० वर्षं कुलूपबंद असतात. म्हणजे १९८३ चं दप्तर २०३४ साल उजाडल्यावर उघडेल. तोवर 'खरं कारण' सांगणारा प्रत्येक जण अंदाज बांधतोय, मीसुद्धा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. त्या वर्षी ३१ जानेवारीच्या आत पात्र माणसाने नाव सुचवलेलं नसेल, तर समितीच्या मनात कितीही असो, बक्षीस देता येत नाही.

आता पदार्थविज्ञान. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवला आणि हॉईलचं कार्बनचं प्रकरण आलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. तुमच्या मुलांना आधी हेच सांगा, नोबेल नंतर.

हेलियमपासून कार्बन व्हायचा तर तीन हेलियम एकत्र यायला हवेत. तिघांची एकाच क्षणी टक्कर होणं जवळपास अशक्य. दोन एकत्र आले की बेरिलियम-८ होतं, पण ते इतकं अल्पायुषी की सेकंदाच्या अब्जांशाच्याही कितीतरी छोट्या भागात फुटतं. तिसऱ्याने तेवढ्यात येऊन चिकटायचं म्हणजे सुटलेल्या एसटीच्या पायरीवर उडी मारण्यासारखं. एडविन साल्पीटर यांनी हा दोन टप्प्यांचा मार्ग मांडला होता, पण हॉईलनी हिशोब केला तेव्हा त्यातून पुरेसा कार्बन निघेना. तेव्हा ते म्हणाले, कार्बन-१२ च्या अणुगर्भाला ७.६५ एमईव्हीच्या (हे अणुगर्भातली ऊर्जा मोजायचं एकक) आसपास एक उत्तेजित पातळी, म्हणजे जास्त ऊर्जेची स्थिती, असलीच पाहिजे. ती असेल तरच तिसरा हेलियम पकडला जाईल. नसेल तर कार्बन नाही, आणि कार्बन नाही तर ही चर्चा करायला आपणही नाही.

हे डोक्यात घेऊन १९५३ मध्ये ते अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या केलॉग प्रयोगशाळेत गेले. तिथे फाउलर. त्यांना आधी वाटलं, हा इंग्रज जरा चक्रम दिसतोय. पण वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिला आणि पातळी सापडली, जवळपास सांगितलेल्याच जागी. ताऱ्यांकडे बघून अणुगर्भाच्या आतलं सांगायचं आणि ते खरं निघायचं! माझ्या मते विसाव्या शतकातलं हे सगळ्यात धीट भाकीत आहे.

ताऱ्यांत मूलद्रव्यं घडतात यावर हॉईलचा पहिला मोठा निबंध १९४६ चा, दुसरा १९५४ चा, दोन्ही एकट्याचे. मग १९५७ चा चौघांचा, 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मधला, १०४ पानांचा. नावं आद्याक्षरांच्या क्रमाने, त्यामुळे हॉईल शेवटी. पुढे सगळे संशोधक त्या १०४ पानांचाच हवाला देत राहिले आणि १९५४ चा निबंध मागे पडला. २००८ मध्ये जेफ्री बर्बिज यांनीच 'सायन्स'मध्ये लिहून हॉईलचं श्रेय झाकोळलं गेल्याचं नोंदवलं. माझा अंदाज विचाराल तर तो हा आहे, सुडाचा नाही. एखाद्याचं सगळ्यात मोठं काम सामुदायिक निबंधात विरघळलं की समितीला तो चौघांपैकी एक दिसतो.

खुद्द फाउलर यांनी नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात काय म्हटलंय तेही मुलांना सांगा. ताऱ्यांत मूलद्रव्यं घडण्याची भव्य कल्पना हॉईलनी १९४६ मध्ये प्रस्थापित केली, असं त्यांनी सरळ लिहिलंय. माणूस दिलदार होता.

बेल प्रकरणाबद्दल दोन ओळी. १९७४ चं नोबेल मार्टिन राईल आणि अँटनी ह्युइश यांना मिळालं, ह्युइशना पल्सारच्या (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) शोधातल्या भूमिकेबद्दल. पल्सारचा संकेत १९६७ मध्ये नोंदपट्ट्यांवर पहिल्यांदा ओळखला तो त्यांच्या विद्यार्थिनीने, जोसलिन बेलने. हॉईल तिच्या बाजूने बोलले. पण हॉईल आणि राईल यांचं त्याआधीपासूनच वाजलेलं होतं. १९६१ मध्ये राईलनी रेडिओ स्रोतांची मोजणी करून 'स्थिर स्थिती सिद्धांत (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे, हे हॉईलचं मत) कोसळला' असं जाहीर केलं, तेव्हा रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायला हॉईलना जमणार नव्हतं. कोण उभं राहिलं? २२ वर्षांचे नारळीकर, संशोधनाचं पहिलंच वर्ष. तुमच्या कार्यक्रमाला यापेक्षा चांगला प्रसंग मिळणार नाही.

---

उत्तरध्रुव

कृष्णाघाट सर, लिहिलंय झकास, पण फाउलरवर थोडा अन्याय होतोय. मी जर्मनीत एका त्वरक (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) प्रयोगशाळेत काम करते, म्हणून राहवत नाही.

कल्पना मांडणं वेगळं आणि अभिक्रियेचा वेग मोजणं वेगळं. ताऱ्यांतल्या ऊर्जेला हे अणुगर्भ एकमेकांना इतके क्वचित भेटतात की प्रयोगशाळेत मोजायला काही उरतच नाही. मग जास्त ऊर्जेला मोजायचं आणि खाली सरकत सरकत अंदाज घ्यायचा. दिवसच्या दिवस यंत्र चालवून हाताला चार ठिपके लागतात. फाउलर १९३० च्या दशकापासून केलॉगमध्ये हेच करत होते. त्यांच्या गटाने अभिक्रियांच्या वेगाचे तक्ते छापले, पुन्हा पुन्हा सुधारून छापले, आणि ताऱ्यांची गणितं करणारी जगभरची मंडळी ते वापरत होती. प्रायोगिक कामासाठी त्यांना नोबेल मिळणं शंभर टक्के योग्य. मानपत्रातला 'सैद्धांतिक' हा शब्द मात्र मलाही खुपतो.

आणि सगळे हॉईल-हॉईल करताय, त्यात मार्गारेट बर्बिज कुठे गेल्या? त्या निबंधातलं ताऱ्यांच्या वर्णपटांचं निरीक्षण बरंचसं त्यांचं. त्या काळी माउंट विल्सन वेधशाळेत बायकांना दुर्बिणीवर वेळ मिळत नसे. वेळ नवऱ्याच्या नावावर घ्यायचा आणि 'सहायक' म्हणून जाऊन निरीक्षण स्वतः करायचं, असा मार्ग त्यांनी काढला. जेफ्री तर सिद्धांतवाले होते! वाशिष्ठीकाठ काका, तुमच्या त्या नववीतल्या मुलीला हे नक्की सांगा.

---

चहाबाज

बरं, सूड मागे घेतो, २०३४ पर्यंत. पण नारळीकरांना का नाही मिळालं, हेही मुलं विचारणारच की.

---

कृष्णाघाट

विचारू देत. भौतिकशास्त्राचं नोबेल निरीक्षणाने किंवा प्रयोगाने सिद्ध झालेल्या कामाला मिळतं. हॉईल-नारळीकर गुरुत्व सिद्धांत देखणा आहे, पण तसा पुरावा त्याच्या बाजूने उभा राहिला नाही, आणि १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा (महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या मंद प्रारणाचा) शोध जाहीर झाल्यावर बहुतेक सगळे महास्फोटाकडे वळले. यात सरांचं काही कमी होत नाही. पुण्याचं आयुका, सरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, बघून या.

---

तिसरा डबा

मी विज्ञानवाला नाही, वाचणारा आहे. दोन गोष्टी भर म्हणून.

युनेस्कोचा कलिंग पुरस्कार विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांना मिळतो. त्यासाठी देणगी दिली ती ओडिशाच्या बिजू पटनाईक यांनी. तो हॉईलना १९६७ मध्ये मिळाला आणि नारळीकरांना १९९६ मध्ये. गुरुशिष्य दोघेही त्या यादीत, आणि दोघेही विज्ञानकथा लिहिणारे! सरांनी पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, ना. वि. जगताप म्हणून. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की झालं. नाव बघून बक्षीस नको होतं. मला तर नोबेलच्या कुलूपबंद दप्तरापेक्षा हे जास्त आवडतं.

दुसरं म्हणजे क्राफूर्ड पुरस्कार. होल्गर क्राफूर्ड या स्वीडिश उद्योगपतीने १९८० मध्ये सुरू केला, नोबेलच्या कक्षेत न येणाऱ्या विषयांसाठी, त्यात खगोलशास्त्र आहे. १९९७ मध्ये तो हॉईल आणि साल्पीटर यांना मिळाला, ताऱ्यांतल्या अणुगर्भीय अभिक्रियांवरच्या कामासाठीच. आणि देणारी संस्था कोणती? तीच, रॉयल स्वीडिश अकादमी, जी भौतिकशास्त्राचं नोबेल देते. १४ वर्षांनी मागच्या दाराने भरपाई केली असं म्हणायचा मोह होतो, पण 'कशावरून?' ची भीती वाटते.

---

वाशिष्ठीकाठ

मंडळी, भरभरून दिलंत. आखणी बदलली. सुरुवात कार्बनपासून, मग १९६१ ची बैठक, मार्गारेट बर्बिज, जगतापांची गोष्ट, आणि वेळ उरला तर नोबेल. जंतूंचं प्रकरण गाळतो. ते एकदा निघालं की मुलं परग्रहवासीयांवर जातात आणि परत येत नाहीत.

कृष्णाघाट, एकच शंका. कार्बन एवढा सहज व्हायला लागला तर त्याच्यावर चौथा हेलियम आदळून सगळाच ऑक्सिजन का होत नाही? हे ती विचारणार म्हणजे विचारणारच.

---

कृष्णाघाट

विचारलं तर तिला माझ्याकडून एक पेन द्या. हॉईलनी हेही बघितलं होतं.

फळ्यावर दोन ओळी लिहा. पहिली: बेरिलियम-८ आणि हेलियम-४ यांची एकत्र ऊर्जा कार्बनच्या तळपातळीपासून (सगळ्यात कमी ऊर्जेच्या स्थितीपासून) ७.३७ एमईव्ही वर, आणि कार्बनची ती पातळी ७.६५ ला, म्हणजे थोडी वर. दुसरी: कार्बन-१२ आणि हेलियम-४ यांची एकत्र ऊर्जा ऑक्सिजनच्या तळपातळीपासून ७.१६ वर, आणि ऑक्सिजनची जवळची पातळी ७.१२ ला, म्हणजे जराशी खाली.

ताऱ्याच्या गाभ्यात १० कोटी अंशांच्या घरात तापमान असतं. ती उष्णता कणांच्या ऊर्जेत भर घालते, काढून घेऊ शकत नाही. पहिल्या ओळीतला फरक त्यामुळे भरून निघतो. दुसऱ्या ओळीत आपण आधीच पातळीच्या वर आहोत, आणखी तापवलं तर आणखी लांब जातो. म्हणून काही कार्बनचा ऑक्सिजन होतो, सगळ्याचा होत नाही. फरक ०.०४ चा आहे, तेव्हा दशांश चिन्ह ठळक काढा.