टर्बोचा पाइप आतूनही बघा

एकाने पोस्टमध्ये लिहिलंय की एसएस ३०४ च्या (एक प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या) पाइपवर टिग वेल्डिंगच्या (आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या ज्योतीने केलेल्या जोडकामाच्या) लहरी एकसारख्या पडल्या की जॉइंट पास. बाहेरच्या बाजूपुरतं मान्य, पण टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) पाइपात खरी परीक्षा आतून असते. वेल्ड करताना पाइपाच्या आतही आर्गॉन सोडला नाही तर वितळलेल्या स्टेनलेसला मागून हवा लागते आणि जळक्या साखरेसारखा काळा, खरखरीत थर उठतो. इंटरकूलरनंतरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतरच्या) पाइपात त्याचा कण सुटला तर तो सरळ इंजिनात जातो. तिथे फिल्टर नसतो हो!

आमच्या बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मी डेअरीची पाइपलाइन जोडणारे कारागीर बघितलेत. पाइपाची दोन्ही तोंडं फॉइल आणि टेपने बंद, खालून आर्गॉनची नळी, वरच्या टोकाला बारीक भोक. आर्गॉन जड असतो, त्यामुळे हवा वरून निघून जाते. सांध्यावरही टेप; जेवढं वेल्ड करायचं तेवढीच पट्टी सोलायची. दाब मात्र अगदी कमी ठेवा, नाहीतर वेल्डच्या शेवटच्या टोकाला वितळलेला धातू बाहेर फुंकला जातो. नवीन माणसाने आधी भंगारातल्या तुकड्यावर हे करावं, तुकडा उभा कापावा आणि आतला रंग बघावा. चंदेरी किंवा हलका सोनेरी दिसला तरच गाडीच्या पाइपाला हात लावा.